'जतन करा' बटण पुन्हा पुन्हा गायब होतंय? पॉपअप पॅनेलची उंची कोण ठरवतंय ते आधी शोधा

मुलुंडच्या एका सोसायटीच्या ऑफिसातून काकूंचा फोन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेला. मेंटेनन्सच्या पावत्या फाडायचे ते दिवस. "अगं, पावतीची चौकट उघडते, मी सगळं भरते, पण खाली जतन करायचं बटणच नाहीये. गेल्या महिन्यात तू नीट केलं होतंस ना?"

केलं होतं. त्यांचा पावत्यांचा प्रोग्राम आम्हीच बनवलेला. पावतीची ती चौकट, म्हणजे पॉपअप पॅनेल; त्याची उंची ६०० पिक्सेल होती, ती ५५० केली होती. त्याआधी ६५० ची ६००. दरवेळी अंधेरीच्या आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर उघडून बघायचं, नीट दिसलं की पाठवून द्यायचं. तीन आठवडे शांतता. मग पावतीत एखादा रकाना वाढायचा किंवा कमिटीतलं कुणीतरी दुसरा लॅपटॉप घेऊन बसायचं, आणि पुन्हा तोच फोन.

तुमच्याकडेही ही तक्रार फिरून फिरून येत असेल तर पुढचं वाचा. "पॉपअप स्क्रीनबाहेर जातंय" हे ऐकायला एकच दुखणं वाटतं, पण त्याची कारणं निराळी निराळी असतात आणि उंचीचा आकडा कमी-जास्त करून त्यातलं एकही बरं होत नाही. सीएसएसची (वेबपानाची मांडणी ठरवणारी भाषा) नावं इथे देवनागरीत लिहिते आहे, कोडमध्ये ती नेहमीसारखी रोमनमध्येच टाका.

काकूंच्या खुर्चीत बसून मोजलेलं

शेवटी एका शनिवारी ट्रेन पकडून मुलुंडला गेले आणि त्यांच्याच खुर्चीत बसले. टेबलावर पावतीपुस्तकं, शिक्का, आणि १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप. आकडा ऐकायला वाईट नाही. पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आकार १२५ टक्के होता. म्हणजे वेबपानाच्या हिशेबात स्क्रीन उरला १०९३ बाय ६१४. त्यातून खालचा टास्कबार ४० पिक्सेल आणि वर टॅब, पत्त्याची पट्टी, बुकमार्कची पट्टी मिळून साधारण १२० वजा करा. राहिले साडेचारशेच्या आसपास. शिवाय काकूंनी बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ब्राउझरचा झूम ११० केला होता. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जिथे पानाला थेट कोड लिहून प्रश्न विचारता येतो) विंडोची आतली उंची विचारली, तर उत्तर आलं ४१३.

माझं पॅनेल ५५० चं. म्हणजे १३७ पिक्सेल जास्तीचे, आणि पॅनेल मधोमध बसवलेलं असल्यामुळे ते वरून ६८ आणि खालून ६८ असे सारखे कापले जात होते. वर शीर्षक आणि बंद करायची फुली गेली, खाली 'जतन करा' आणि 'रद्द करा' ही बटणांची ओळ गेली. पॅनेलची पोझिशन फिक्स्ड असल्यामुळे पान कितीही खालीवर सरकवलं तरी ते जागचं हलत नव्हतं. काकू एंटर दाबून बघायच्या. शेऱ्याच्या रकान्यात असताना एंटरने नुसती नवी ओळ पडायची.

म्हणून पहिली पायरी हीच: ज्याला त्रास होतोय त्याच्या स्क्रीनवर विंडोची आतली रुंदी आणि उंची किती, ते विचारून घ्या. लांब असेल तर आख्ख्या स्क्रीनचा फोटो मागवा, टास्कबारसकट. स्क्रीनचं रिझोल्यूशन विचारून काही उपयोग नाही. रिझोल्यूशन, स्केलिंग आणि झूम या तिन्हींमधून जे गाळून उरतं तेवढीच पॅनेलची जागा. आमच्याकडे आता तक्रार नोंदवतानाच हे दोन आकडे आपोआप सोबत येतात. त्यामुळे निम्म्या वेळी फोन करायचीसुद्धा गरज पडत नाही.

उंची द्यायची नाही, छत द्यायचं

पॅनेलला हाइट देऊ नका. आतला मजकूर जेवढा असेल तेवढं त्याला वाढू द्या आणि वर फक्त एक छत घाला: मॅक्स-हाइट, विंडोच्या उंचीतून वरखाली थोडी मोकळी जागा वजा करून. कॅल्कमध्ये १०० डीव्हीएच (म्हणजे त्या क्षणी दिसणाऱ्या विंडोची पूर्ण उंची) वजा २ रेम (पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या दुप्पट) एवढं पुरतं. रुंदीलाही तसंच. ५६० पिक्सेल किंवा उपलब्ध रुंदीतून ३२ पिक्सेल वजा, यातलं जे लहान ते, म्हणजे मिन फंक्शन. दोन ओळींत काम होतं आणि वेगवेगळ्या स्क्रीनसाठी मीडिया क्वेरीची, म्हणजे स्क्रीनच्या मापाप्रमाणे वेगळ्या नियमांची, माळ लावावी लागत नाही.

पण छत घातलं की पुढचा प्रश्न लगेच येतो: न मावलेला मजकूर कुठे जाणार? इथे बरेच जण आख्ख्या पॅनेललाच ओव्हरफ्लो ऑटो देऊन मोकळे होतात. तांत्रिकदृष्ट्या बटण आता सापडतं, खाली सरकवलं की. पण काकूंसारख्या व्यक्तीला ते सरकवायचं आहे हे कळावं कसं? मॅकवर आणि फोनवर स्क्रोलपट्टी हात लावेपर्यंत दिसतच नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते त्यांच्या लेखी नसतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून पॅनेलचे तीन मजले करा. वर शीर्षक, मध्ये फॉर्म, खाली बटणं. पॅनेलला डिस्प्ले फ्लेक्स, दिशा कॉलम. वरच्या आणि खालच्या मजल्याला फ्लेक्स नन, म्हणजे ते दबणार नाहीत. मधल्याला फ्लेक्स १ १ ऑटो आणि ओव्हरफ्लो-वाय ऑटो. स्क्रोल फक्त मधे होतो, बटणं कायम नजरेसमोर. मधल्या भागाला ओव्हरस्क्रोल-बिहेव्हियर कंटेन पण द्या, नाहीतर फॉर्म तळाला पोचला की मागचं पान सरकायला लागतं आणि माणूस गोंधळतो.

इतकं करूनही बटण खालीच जातंय?

मग बहुतेक वेळा गुन्हेगार मधला फॉर्म टॅग असतो. यावर माझी एक आख्खी संध्याकाळ गेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण तीन मजले पॅनेलची थेट मुलं आहेत असं धरून चालतो. प्रत्यक्षात कुणीतरी तिन्हींना फॉर्म टॅगमध्ये गुंडाळलेलं असतं, कारण सबमिटचं बटण फॉर्मच्या आत हवं. आता पॅनेलचं थेट मूल एकच: फॉर्म. शीर्षक, मधला भाग, बटणं ही सगळी नातवंडं. फ्लेक्सचे नियम मुलांना लागतात, नातवंडांना नाही. शिवाय फ्लेक्समधल्या मुलाची मिन-हाइट मुळात ऑटो असते, म्हणजे "माझ्या आतल्या मजकुराहून मी लहान होणार नाही" असा त्याचा हट्ट. पॅनेल ४०० वर थांबतं, फॉर्म ७०० चाच राहतो आणि तळातून बाहेर लोंबतो. पॅनेलला ओव्हरफ्लो हिडन असेल तर लोंबणारा भाग दिसतही नाही. गोल कोपरे कापायला म्हणून कुणीतरी ते टाकलेलंच असतं. बटण गेलं ते गेलंच.

उपाय असा: फॉर्मलाही डिस्प्ले फ्लेक्स आणि कॉलम द्या, आणि मिन-हाइट ० द्या. पॅनेलपासून स्क्रोल होणाऱ्या डब्यापर्यंत मध्ये जेवढे डबे असतील त्या प्रत्येकाला हेच. साखळीत एक कडी राहिली तरी सगळं निष्फळ. रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलरमध्ये काम करत असाल तर कंपोनंटने स्वतःहून घातलेले डबेही मोजा. अँग्युलरमध्ये कंपोनंटचा स्वतःचा टॅग मुळात इनलाइन असतो, तो सहज नजरेतून सुटतो.

शोधायचं कसं? डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरची पान तपासायची अवजारं) बटणांच्या ओळीपासून सुरुवात करून एकेक पालक वर चढत जा आणि प्रत्येकाची कॉम्प्युटेड हाइट वाचा. ७००, ७००, ७००, आणि अचानक ४००. ज्या दोन डब्यांमध्ये आकडा तुटतो तिथे चूक आहे. बाकी कुठे शोधत बसू नका. सगळ्यांना लाल आउटलाइन देऊन बघण्यापेक्षा हे लवकर होतं असा माझा अनुभव.

टक्क्यांचाही एक सापळा आहे. मॅक्स-हाइट ९० टक्के लिहिलं आणि पालकाला ठरलेली उंचीच नसेल, तर ब्राउझर ती मर्यादा नसल्यासारखीच धरतो. काही इशारा नाही, काही नाही.

फोनवरची गंमत वेगळी

सोसायटीतले बाकीचे लोक मेंटेनन्स भरतात फोनवरून, बरेचसे संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने, एका हातात कडी आणि दुसऱ्यात फोन. तिथली तक्रार अशी होती: "बटण अर्धंच दिसतं, अंगठा लावला की ब्राउझरची पट्टी हलते."

कारण व्हीएच, म्हणजे विंडोच्या उंचीचा शंभरावा भाग धरणारं जुनं माप. फोनच्या ब्राउझरमध्ये १०० व्हीएच म्हणजे पत्त्याची पट्टी लपलेली असतानाची उंची. पट्टी दिसत असताना प्रत्यक्ष जागा त्याहून कमी. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हा फरक साधारण ५६ पिक्सेलचा, आणि आपली बटणांची ओळ पण तेवढीच. बरोबर तीच जाते. २०२२ साली सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्हींमध्ये नवी मापं आली: एसव्हीएच म्हणजे पट्टी दिसत असतानाची उंची, एलव्हीएच लपलेली असतानाची, डीव्हीएच त्या क्षणी जी असेल ती. पॅनेलच्या छतासाठी डीव्हीएच वापरा. जुन्या फोनसाठी आधी व्हीएचची ओळ आणि लगेच खाली डीव्हीएचची ओळ लिहा. ज्याला दुसरी कळत नाही तो पहिली धरतो.

आता कीबोर्ड. यात डीव्हीएचचा काडीचा उपयोग नाही. कीबोर्ड वर आला तरी डीव्हीएच बदलत नाही, ते मोजमाप फक्त ब्राउझरच्या पट्ट्यांचं. क्रोमने १०८ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरही आयफोनसारखंच केलं: कीबोर्ड आला की पानाची मांडणी तशीच राहते, फक्त दिसणारा भाग आक्रसतो. म्हणजे खाली चिकटवलेली बटणं कीबोर्डखाली जातात. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये इंटरॅक्टिव्ह-विजेट बरोबर रिसाइझेस-कंटेंट एवढं लिहिलं की क्रोममध्ये मांडणीच कीबोर्डच्या वर बसते. आयफोनच्या सफारीवर मात्र या ओळीच्या भरवशावर राहू नका. तिथे व्हिज्युअल व्ह्यूपोर्टच्या रिसाइझ इव्हेंटवर लक्ष ठेवून त्याची उंची एका सीएसएस व्हेरिएबलमध्ये टाकायची आणि छत त्यावरून काढायचं. पाच-सहा ओळींचं काम आहे.

कीबोर्ड उघडल्यावर ६४० उंचीच्या फोनवर जेमतेम तीनशे पिक्सेल राहतात. त्यात शीर्षक ५६ आणि बटणं ६४ खाऊन गेली की लिहायला खिडकी उरते १८० ची. इतकी कमी जागा असेल तेव्हा मी शीर्षकाचं चिकटणं काढून टाकते, ते मजकुराबरोबर वर सरकून जातं. बटणं मात्र ठेवते.

आयफोनवर "पॅनेल आपोआप मोठं होतं" अशी तक्रार आली तर आकाराच्या मागे लागू नका. रकान्यातल्या अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल तर सफारी तिथे बोट ठेवताच आख्खं पान झूम करते. अक्षर १६ करा, तक्रार संपते.

आणि हे सगळं खऱ्या फोनवर बघा. डेव्हटूल्समधल्या फोनच्या चौकटीत ना कीबोर्ड येतो, ना पत्त्याची पट्टी हलते. यूएसबी केबल लावून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधलंच पान तपासता येतं.

रुंदीचं थोडक्यात

पॅनेल आडवं पसरत असेल तर आत कुठेतरी न तुटणारी लांबलचक ओळ आहे असं समजा. आमच्याकडे ती होती धनादेशाच्या फोटोचं फाइलनाव: पन्नास-साठ अक्षरं, सगळी अंडरस्कोअरने जोडलेली. ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर लिहा. ब्रेक-वर्ड लिहिलंत तर शब्द तुटतो, पण फ्लेक्स किंवा ग्रिड किमान रुंदी काढताना तो न तुटलेलाच धरतो, त्यामुळे डबा पसरलेलाच राहतो. ग्रिडच्या रकान्यांना नुसतं १ एफआर न देता मिनमॅक्स ० ते १ एफआर द्या. आणि १०० व्हीडब्ल्यू पॅनेलसाठी वापरू नका. विंडोजवर त्यात स्क्रोलपट्टीची रुंदीही धरली जाते आणि उगाच आडवा स्क्रोल येतो.

मराठीत बदललं आणि बिघडलं

यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मला यावर बोलायचंच आहे. इंग्रजी आवृत्तीत नेमकं बसलेलं पॅनेल मराठी केलं की फुटतं, आणि मग "मराठी नको, इंग्रजीच ठेवा" असं सुचवलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. पॅनेल चुकीचं बांधलेलं असतं, भाषेचा दोष नसतो.

देवनागरीला वरखाली जास्त जागा लागते. रफार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, उकार आणि ऋकार खाली. शीर्षकाची लाइन-हाइट १.२ आणि वर ओव्हरफ्लो हिडन असेल, तर 'वर्गणी'चा रफार छाटला जातो आणि 'सूचना'चा ऊकार अर्धा राहतो. आमच्या पॅनेलवर एक महिना 'थकीत वर्गणी'च्या जागी 'थकीत वगणी' दिसत होतं. पाहणाऱ्याला ते अशुद्धलेखन वाटतं, आणि लोकांनी तशी तक्रारही केली. कोडमध्ये शब्द बरोबर, स्क्रीनवर चूक. मराठी मजकुराला किमान १.५ लाइन-हाइट द्या. एका ओळीचं शीर्षक टिंबं देऊन तोडायचं असेल, तर हिडनच्या डब्याला वरखाली थोडं पॅडिंगही द्या.

बटणांना हाइट ३२ देऊ नका, मिन-हाइट द्या. 'पावती पाठवा आणि बंद करा' दोन ओळींत गेलं तर जाऊ दे, फुटायला नको. बटणांच्या ओळीला फ्लेक्स-रॅप द्या. आणि सोसायटीचं नाव शीर्षकात येत असेल तर ते 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' या शेपटासकट किती लांब होतं ते आधीच बघा. तपासायला मी नेहमी सगळ्यात लांब नावाची सोसायटी घेते.

जावास्क्रिप्टने उंची मोजून ती पॅनेलवर इनलाइन लिहिणारा कोड असेल तर आणखी एक खोड निघते. मोजताना मराठी वेबफॉन्ट उतरलेला नसतो, साध्या फॉन्टवर ४२० भरतं. मग फॉन्ट येतो, मजकूर ४७० होतो आणि पॅनेल ४२० लाच बसून राहतं. दुसऱ्यांदा उघडलं की नीट दिसतं, कारण फॉन्ट आता कॅशमध्ये आहे. "कधी होतं, कधी नाही" अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. मोजणं काढूनच टाका. काढता येत नसेल तर फॉन्ट तयार झाल्यावर मोजा.

डायलॉग टॅगवर जाताना

नवीन काम असेल तर घरचं पॅनेल बांधण्यापेक्षा डायलॉग टॅग आणि शो-मोडल वापरा. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ पासून. तो सगळ्याच्या वरच्या थरात उघडतो. त्यामुळे मागच्या एखाद्या डब्याला ट्रान्सफॉर्म दिलेलं असलं तरी फिक्स्ड पॅनेल त्या डब्याच्या मापात अडकत नाही. घरच्या पॅनेलमध्ये हे नेहमी होतं: बाजूचा मेनू सरकवायला ट्रान्सफॉर्म टाकलं की आतलं पॅनेल अचानक चिमुकलं.

दोन गोष्टी सांभाळा. डायलॉगला सरळ डिस्प्ले फ्लेक्स लिहिलंत तर तो बंद असतानाही दिसतो, म्हणून ओपन असलेल्या डायलॉगलाच लिहा. आणि तुमच्या रीसेटमध्ये (ब्राउझरच्या मूळ शैली पुसणारे सुरुवातीचे नियम) सगळ्यांना मार्जिन ० असेल तर डायलॉग वर डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याला मार्जिन ऑटो परत द्या. ब्राउझरने त्याला स्वतःचं मॅक्स-विड्थ आणि मॅक्स-हाइटही दिलेलं असतं: १०० टक्के वजा ६ पिक्सेल वजा २ एम. "१०० टक्के रुंदी दिली तरी कडेला फट राहते" याचं कारण ते.

पाठवण्याआधी

मी तीन मापांवर बघते. ३६० बाय ६४०, कीबोर्ड उघडून. ९९३ बाय ४१३, काकूंचा लॅपटॉप (झूममुळे रुंदीही १०९३ वरून कमी होते). आणि १२८० रुंदीच्या खिडकीत झूम ४०० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ३२० ची रुंदी. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ नियमावलीत २०१८ पासून हीच कसोटी आहे. तिन्हीकडे माऊस न वापरता टॅब दाबत 'जतन करा'पर्यंत पोचता आलं आणि ते दिसलं, तरच पुढे.

गेले सात महिने काकूंचा बटणाबद्दल फोन आलेला नाही. गेल्या आठवड्यात आला तो छपाईबद्दल: पावतीच्या पॅनेलवरून प्रिंट काढली तर पहिले चार रकानेच येतात. तेही याच छतामुळे. कागदाला स्क्रोल नसतो, त्यामुळे मधल्या मजल्यात लपलेलं सगळं लपलेलंच छापलं जातं. प्रिंटच्या मीडिया क्वेरीत पॅनेलची पोझिशन स्टॅटिक, पॅनेल आणि आतल्या प्रत्येक डब्याची मॅक्स-हाइट नन, ओव्हरफ्लो व्हिजिबल, आणि बटणांची ओळ डिस्प्ले नन केली. साखळी इथेही तीच, एकही कडी सोडू नका. सोमवारी त्यांनी पावतीचा फोटो पाठवला: दहाच्या दहा रकाने, शिक्क्यासकट.